राष्ट्राध्यक्षाचा स्वभाव आणि कारभार

राजकीय सत्तेच्या सर्वोच्च पदावर बसलेल्या व्यक्तीचा स्वभाव, तिच्या मनाची घडण आणि दडपणाखाली वागण्याच्या तिच्या सवयी यांचा त्या पदाच्या कारभारावर होणारा परिणाम हा राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवरचा अभ्यासविषय आहे. त्याची सर्वांत सखोल चर्चा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासंदर्भात झाली, याचे कारण त्या पदाच्या रचनेत आहे. १७८७ साली तयार झालेल्या संविधानाने कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती दिली. मंत्री सल्ला देतात, पण संसदीय पद्धतीप्रमाणे निर्णयाची सामूहिक जबाबदारी त्यांच्यावर नसते. त्यामुळे युद्ध, तह किंवा नकाराधिकार यांसारख्या प्रसंगी एका माणसाचा हट्ट, त्याची भीती किंवा त्याचा संयम थेट राष्ट्राच्या वाट्याला येतो.

सत्ताधाऱ्याच्या मनाचा विचार मात्र फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या सात अंगांपैकी पहिले अंग ‘स्वामी’ असून, राजाने काम, क्रोध, लोभ, मान, मद आणि हर्ष या सहा शत्रूंचा त्याग करून इंद्रियजय साधावा, असे पहिल्याच अधिकरणात सांगितले आहे. आपल्या रोजच्या बोलण्यातल्या षड्रिपूंमध्ये मोह आणि मत्सर असतात; कौटिल्याच्या यादीत त्यांच्या जागी मान आणि हर्ष आहेत. राज्यकर्त्याच्या बाबतीत ही यादी अधिक मार्मिक वाटते. मानापायी नाश पावलेल्यांची उदाहरणे म्हणून कौटिल्याने रावण आणि दुर्योधन यांची नावे दिली आहेत. एकाने परस्त्री परत केली नाही आणि दुसऱ्याने राज्याचा वाटा दिला नाही. एखादी गोष्ट सोडणे हा मानाचा प्रश्न झाला की ती सुटत नाही, हे निरीक्षण विसाव्या शतकातील अभ्यासकांनी वेगळ्या परिभाषेत पुन्हा मांडले.

आधुनिक अभ्यासाचा आरंभ हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाच्या १९३० मधील ग्रंथापासून धरला जातो. राजकारणी माणसाचे खाजगी हेतू सार्वजनिक विषयांवर आरोपित होतात आणि नंतर सार्वजनिक हिताच्या भाषेत त्यांचे समर्थन केले जाते, असे त्याचे सूत्र होते. हे सूत्र एका प्रत्यक्ष कारकिर्दीला लावून दाखवण्याचे मोठे काम अलेक्झांडर आणि ज्युलिएट जॉर्ज या दांपत्याने १९५६ मध्ये केले. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता पहिल्या महायुद्धाच्या काळातील राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन.

विल्सन यांच्या आयुष्यात एकच आकृतिबंध तीन वेळा दिसतो. १९०२ मध्ये ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. पहिल्या काही वर्षांत त्यांनी केलेल्या शैक्षणिक सुधारणांचे स्वागत झाले, पण पुढे विद्यार्थ्यांच्या निवासव्यवस्थेची त्यांची योजना विश्वस्तांनी मागे घ्यायला लावली आणि पदव्युत्तर महाविद्यालयाच्या प्रश्नावर तेथील डीन अँड्र्यू वेस्ट यांच्याशी त्यांचा इतका विकोपाचा संघर्ष झाला की १९१० मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडले. न्यू जर्सीचे गव्हर्नर म्हणून पहिले वर्ष भरघोस यशाचे गेले आणि मग विधिमंडळाशी बिनसले. राष्ट्राध्यक्ष म्हणूनही १९१३ आणि १९१४ या दोन वर्षांत त्यांनी जकातीचा कायदा, मध्यवर्ती बँकव्यवस्थेचा कायदा आणि मक्तेदारीविरोधी कायदा मंजूर करून घेतले. पक्षाला सोबत घेण्याचे कसब त्यांच्याकडे होते, याविषयी शंका नाही. तरीही १९१९ मध्ये पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाच्या प्रश्नावर ते कसब जणू आटून गेले.

तहात राष्ट्रसंघाचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पूर्वीच्या जागतिक संघटनेचा, करार अंतर्भूत होता आणि त्याला सिनेटच्या दोनतृतीयांश मतांची गरज होती. परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज यांनी मंजुरीला काही अटी जोडल्या. सदस्य राष्ट्रांच्या प्रादेशिक अखंडतेच्या रक्षणाबाबतचे दहावे कलम हा वादाचा मुख्य मुद्दा होता. अटींसह तह स्वीकारला असता तर अमेरिका राष्ट्रसंघात आली असती, असे विल्सन यांचे मित्रही त्यांना सांगत होते. त्यांनी मात्र थेट जनतेकडे जाण्यासाठी देशभर दौरा काढला. २५ सप्टेंबर १९१९ रोजी कोलोरॅडोतील पुएब्लो येथील भाषणानंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि २ ऑक्टोबरला त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. १९ मार्च १९२० रोजी अंतिम मतदान झाले, तेव्हा बाजूने ४९ आणि विरोधात ३५ मते पडली. दोनतृतीयांशाला सात मते कमी. विरोधी ३५ पैकी २३ मते खुद्द विल्सन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाची होती. अटी जोडलेला तह फेटाळावा, या आपल्या नेत्याच्या इच्छेला मान देऊन त्यांनी नेत्याच्याच आयुष्यकार्यावर पाणी सोडले. नेत्याच्या स्वभावाने धोरणाचा घात केल्याचे इतके स्पष्ट आणि इतके दुःखद उदाहरण आधुनिक इतिहासात क्वचितच सापडेल.

जॉर्ज दांपत्याच्या मते या हट्टाचे मूळ विल्सन यांच्या बालपणात होते. प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक असलेल्या कडक शिस्तीच्या वडिलांपुढे दबून राहिलेल्या मुलाने प्रौढपणी कोणत्याही प्रतिस्पर्ध्यापुढे वाकणे नाकारले, अशी त्यांची मांडणी आहे. एडविन वाइनस्टाइन या मेंदूविकारतज्ज्ञाने तिला आव्हान दिले. विल्सन यांना तरुणपणापासून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असावा आणि त्यांच्या ताठरपणाचा संबंध त्या आजाराशी असावा, असे त्याचे प्रतिपादन होते. हा वाद अभ्यासकांमध्ये बराच काळ चालला. बालपणाविषयीचे अनुमान तपासून पाहणे अवघड असते, हे मान्य करूनही जॉर्ज यांच्या अभ्यासाचे मोल कमी होत नाही, कारण तीन वेगवेगळ्या पदांवर पुन्हा पुन्हा दिसणारे वर्तन हा पुरावा कारणाच्या वादापलीकडे टिकून राहतो.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जेम्स डेव्हिड बार्बर यांनी १९७२ मध्ये या विषयाला वर्गीकरणाचे रूप दिले. राष्ट्राध्यक्ष कामात किती शक्ती ओततो आणि त्या कामातून त्याला आनंद मिळतो की नाही, या दोन प्रश्नांवर त्यांनी चार प्रकार पाडले. फ्रँकलिन रूझवेल्ट, ट्रुमन आणि केनेडी हे सक्रिय–सकारात्मक. विल्सन, हूवर, जॉन्सन आणि निक्सन हे सक्रिय–नकारात्मक. टाफ्ट आणि हार्डिंग हे निष्क्रिय–सकारात्मक. तर कूलिज आणि आयझेनहॉवर हे निष्क्रिय–नकारात्मक. माणसाची मूळ वृत्ती बालपणी, जगाकडे पाहण्याची दृष्टी किशोरवयात आणि काम करण्याची शैली तरुणपणी मिळालेल्या पहिल्या स्वतंत्र यशातून घडते, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वांत धोकादायक प्रकार त्यांनी सक्रिय–नकारात्मक मानला. अशा नेत्याला अपार कष्टांतूनही समाधान मिळत नाही, आणि अपयशी ठरत चाललेल्या धोरणाशी त्याचा आत्मसन्मान बांधला गेला की तो त्यालाच अधिकाधिक घट्ट धरून बसतो.

लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत याची प्रचीती येते. सिनेटमध्ये बहुमतातील पक्षाचे नेते असताना समोरच्याच्या अंगावर झुकून, आर्जव, धाक आणि सौदा यांची सरमिसळ करून मत वळवण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध होती. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा मंजूर होण्यात त्या पद्धतीचा मोठा वाटा आहे. व्हिएतनाममध्ये मात्र समोर सिनेटर नव्हता. सौद्याला वश न होणाऱ्या उत्तर व्हिएतनामच्या हो चि मिन्ह यांच्यापुढे जॉन्सन फौजा वाढवत गेले, १९६८ मध्ये तेथील अमेरिकन सैन्य पाच लाखांच्या पुढे गेले आणि त्याच वर्षी ३१ मार्चला त्यांना पुन्हा निवडणूक न लढवण्याची घोषणा करावी लागली.

बार्बर यांना खरी प्रसिद्धी मिळाली ती रिचर्ड निक्सन यांच्याविषयीच्या इशाऱ्यामुळे. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा निक्सन पहिल्याच कार्यकाळात होते आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांनी पन्नासपैकी ४९ राज्ये जिंकली. अशा निर्विवाद विजयाच्या तयारीत असलेल्या माणसाच्या वर्तुळाला विरोधकांच्या कार्यालयात चोरून घुसण्याची गरज का वाटावी, याचे उत्तर राजकीय गणितात मिळत नाही. या घुसखोरीतून उघड झालेल्या वॉटरगेट प्रकरणात ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांनी राजीनामा दिला. गुप्ततेची आणि संशयाची जी वृत्ती त्यांना तेथवर घेऊन गेली, तिच्याच एका अंगामुळे त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांची १९७१ ची गुप्त चीनभेट आणि पुढच्या वर्षीचा निक्सन यांचा चीन दौरा शक्य झाला, हेही नोंदवायला हवे. स्वभावविशेष स्वतःहून चांगला वा वाईट नसतो. तो कोणत्या कामाला जुंपला जातो आणि त्याला आवर घालणारे कोणी जवळ आहे का, यावर बरेच अवलंबून असते.

चार कप्प्यांच्या या मांडणीवर टीका झाली, आणि ती योग्य होती. आयझेनहॉवर यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. गोल्फ खेळणारे, कारभार सहकाऱ्यांवर सोपवणारे सुस्वभावी सेनापती अशी त्यांची प्रतिमा होती. त्यांचे खाजगी कागदपत्र अभ्यासकांना खुले झाल्यावर राज्यशास्त्रज्ञ फ्रेड ग्रीनस्टाइन यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की पडद्याआड ते अतिशय सक्रिय होते आणि बाहेरचा भोळेपणा पुष्कळदा हेतुपूर्वक होता. १९५५ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीतील पेचप्रसंगी पत्रकार अडचणीचा प्रश्न विचारतील म्हणून माध्यम सचिव हॅगर्टी चिंतेत होते. तो प्रश्न आलाच तर मी त्यांना गोंधळात टाकीन, असे सांगून आयझेनहॉवर परिषदेला गेले आणि त्यांनी तसेच केले. त्यांचा राग जबरदस्त होता, पण संतापजनक माणसाचे नाव कागदावर लिहून तो कागद खणात टाकायचा आणि विषय सोडून द्यायचा, ही सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नव्हते.

ग्रीनस्टाइन यांनी प्रकारांऐवजी गुण तपासले. जनसंवाद, संघटनक्षमता, राजकीय कौशल्य, दृष्टी, विचारपद्धती आणि भावनिक बुद्धिमत्ता असे सहा निकष त्यांनी २००० मध्ये मांडले आणि शेवटच्या गुणाची उणीव असेल तर बाकीचे पाचही धोक्यात येतात, असे बजावले. व्यक्ती कधी निर्णायक ठरते, हा प्रश्नही त्यांनी विचारला. परिस्थिती अनिश्चित असेल, नियम सैल असतील आणि व्यक्ती मोक्याच्या जागी असेल, तरच स्वभावाला वाव मिळतो.

स्वभाव शिकू शकतो का, हा कप्प्यांच्या मांडणीत मागे राहिलेला प्रश्न आहे. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातील बे ऑफ पिग्ज येथे कास्त्रो यांची सत्ता उलथवण्यासाठी सुमारे १४०० क्यूबन निर्वासितांना उतरवण्याची मोहीम फसली, तेव्हा केनेडी यांनी जाहीरपणे जबाबदारी घेतली. मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी पुढे या फसलेल्या निर्णयाचे विश्लेषण ‘समूहविचार’ या संकल्पनेने केले. एकोपा टिकवण्याच्या ओढीने सल्लागारांनी आपल्या शंका गिळल्या होत्या. सोव्हिएत संघाने क्यूबात क्षेपणास्त्रे आणल्यामुळे उद्भवलेल्या ऑक्टोबर १९६२ च्या पेचप्रसंगी केनेडी सल्लागारांच्या काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले, जेणेकरून त्यांच्या उपस्थितीने कोणाची जीभ आखडू नये. तेरा दिवसांत हवाई हल्ल्याचा पर्याय मागे पडला आणि सागरी नाकेबंदी व वाटाघाटींतून युद्ध टळले.

दुरून केलेल्या मनोनिदानाला नैतिक मर्यादाही आहेत. १९६४ मध्ये ‘फॅक्ट’ या अमेरिकन नियतकालिकाने राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक पात्रतेविषयी १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांना विचारणा केली. उत्तर देणाऱ्या २,४१७ जणांपैकी १,१८९ जणांनी, त्यांना कधीही न तपासता, अपात्र ठरवले. गोल्डवॉटर यांनी बदनामीचा खटला जिंकला आणि १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतः न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीविषयी संमतीशिवाय व्यावसायिक मत देण्यास मनाई केली.

नेत्याने स्वतःच स्वतःचे परीक्षण केल्याचे दुर्मीळ उदाहरण भारतात आहे. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात जवाहरलाल नेहरूंविषयी एक लेख आला. त्यांची लोकप्रियता, अहंकार आणि उतावीळपणा यांत हुकूमशहाची बीजे आहेत, म्हणून त्यांना काँग्रेसचे अध्यक्षपद सलग तिसऱ्यांदा देऊ नये, असे त्यात म्हटले होते. लेखकाचे नाव ‘चाणक्य’ असे छापले होते. तो लेख नेहरूंनीच लिहिला होता, हे नंतर कळले.

संसदीय पद्धतही स्वभावाला वाव देणाऱ्या सैल जागांपासून मुक्त नसते. २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या उद्‌घोषणेवर सही केली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत समजले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मध्ये अट घातली की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी अशी उद्‌घोषणा काढू नये.