गॉडझिलावरची धूळ कधीची?

जुना सिनेमा म्हटला की पडद्यावर ठिपके चमकून जाणारच. पण जपानच्या तोहो कंपनीचा १९६२ सालचा किंग काँग आणि गॉडझिलाच्या झुंजीचा सिनेमा घरच्या टीव्हीसाठी साफ करायला घेतला, तर ठिपका पुसण्याआधी त्याची चौकशी करावी लागते: बाबा रे, तू इथे बसलास कधी?

पहिला सुगावा ठिपक्याच्या रंगात असतो. निगेटिव्हवर धुळीचा कण असेल तर प्रिंट काढताना तिथून प्रकाश जात नाही, तेवढी जागा कोरी राहते आणि पडद्यावर पांढरी दिसते. कण प्रिंटवरच बसला असेल तर तो प्रोजेक्टरचा प्रकाश अडवतो आणि काळा दिसतो.

याहून पक्का साक्षीदार म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण. रंगीत फिल्म धुतली की तिच्यातली चांदी निघून जाते, उरतात फक्त रंगद्रव्यं. त्यांतून हे किरण आरपार जातात; धूळ आणि ओरखडे मात्र त्यांना अडवतात. म्हणून स्कॅनर प्रत्येक फ्रेमचा आणखी एक, अवरक्त फोटो काढतो. त्यात ना काँग दिसतो ना गॉडझिला, दिसतो तो निव्वळ कचरा!

१९५४चा पहिला गॉडझिला इथे दाद देत नाही. तो कृष्णधवल, म्हणजे चित्रच चांदीचं, आणि चांदी अवरक्त किरणांनाही अडवते. मग संगणक शेजारशेजारच्या फ्रेम ताडून बघतो: एकाच फ्रेममध्ये आहे, मागेपुढे नाही, तर ती धूळ. पण राक्षसपटात ठिणग्या उडतात, इमारतींचे तुकडे उधळतात, आणि तेही क्षणभरच दिसतात. संगणक तेही इमानेइतबारे पुसून टाकतो. त्यामुळे या पहिल्या गॉडझिलाच्या ९६ मिनिटांच्या, सुमारे १ लाख ३८ हजार फ्रेमवर शेवटी माणसाची नजर फिरावीच लागते.

खरा पेच पुढेच आहे. या सिनेमांचे ट्रिक दृश्यांचे दिग्दर्शक एजी त्सुबुराया यांच्या करामतींत पळणारी माणसं वेगळी चित्रित होत, रबरी पोशाखातला राक्षस वेगळा, आणि मग दोन्ही एकाच फिल्मवर पुन्हा छापली जात. त्या छपाईच्या वेळी असलेली धूळ चित्रातच उतरली. ती आता रंगद्रव्याची आहे, अवरक्त किरणांना ती दिसतच नाही. उडत्या राक्षसांना तोलणाऱ्या तारांचंही तेच. प्रतीवरून प्रत काढताना चित्र मऊ होई आणि तारा लपत. मूळ निगेटिव्ह ४केमध्ये, म्हणजे फार बारीक तपशिलात, स्कॅन केली की त्या उघड्या पडतात. माझं विचाराल तर छपाईतली धूळ खुशाल पुसा, तारा राहू द्या. आणि फिल्मच्या दाण्यांना तर हातच लावू नका. चित्र त्यांचंच बनलेलं असतं. ते घासले की रबरी कातडी मेणाची दिसू लागते.

काही जखमा मात्र धुळीच्या नव्हत्या. १९७०मध्ये मुलांसाठीच्या खास शोसाठी काँग-गॉडझिला झुंजीचा तो ९७ मिनिटांचा सिनेमा ७४ मिनिटांवर आणला गेला आणि कात्री थेट मूळ निगेटिव्हवरच चालली. पुढे कितीतरी वर्षं घरगुती आवृत्त्यांत ते तुकडे हलक्या प्रतींवरून जोडलेले असत. तो भाग आला की चित्र एकदम विटकं व्हायचं. २०१६च्या ४के आवृत्तीत हा सांधा बराच बुजला.

ती कात्री चालवली होती खुद्द दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी. तरीही साफ करणाऱ्यांनी कापलेला भाग परत जोडलाच, कारण काप १९६२ नंतरचा होता.