फ्रीहोल्डर सापडत नाही किंवा वारला आहे? फ्लॅट विक्रीला काढण्याआधी हे वाचा

इंग्लंड आणि वेल्समधल्या लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने (लीजने) घेतलेल्या, फ्लॅटच्या मालकांसाठी आमच्या सॉलिसिटर कार्यालयाचे हे माहितीपत्रक आहे. जमीन आणि इमारत ज्याच्या कायम मालकीची (फ्रीहोल्ड), तो फ्रीहोल्डर; त्याला द्यायचे जमीनभाडे म्हणजे ग्राउंड रेंट. वायव्य लंडनमध्ये एका घराचे वर-खाली दोन फ्लॅट करून विकलेली घरे पुष्कळ आहेत. बऱ्याच ठिकाणी लीज ९९ वर्षांची असते आणि फ्रीहोल्ड एखाद्या माणसाच्या नावावर. तो माणूस कधीतरी गाव सोडून जातो, म्हातारा होतो, वारतो. ग्राउंड रेंटची मागणी यायची बंद होते आणि फ्लॅटवाल्याला बरेच वाटते. गिऱ्हाईक आले की मात्र त्याचा सॉलिसिटर ‘एलपीई१’ ही प्रश्नावली भरून मागतो. इमारतीचा विमा कोणी उतरवला आहे, सर्व्हिस चार्ज (देखभालीचा खर्च) थकला आहे का, विक्रीची नोटीस कोणाला द्यायची, हे सगळे त्यात फ्रीहोल्डरच्या बाजूने सांगायचे असते. ते सांगायला कोणी नसले की गिऱ्हाईकाची बँक हात आखडते.

तरीही असा फ्लॅट विकता येतो. फक्त कामांचा क्रम चुकू देऊ नका.

आधी कोणालाही पत्र लिहू नका

घाबरलेला विक्रेता बहुधा पहिली गोष्ट हीच करतो: जुन्या पत्त्यावर पत्र टाकतो, शेजाऱ्यांकडे चौकशी करतो, फ्रीहोल्डरच्या मुलाला फेसबुकवर शोधून मेसेज पाठवतो. हेतू चांगलाच असतो, पण त्याने एक वाट बंद होऊ शकते. बेपत्ता फ्रीहोल्डरसाठी एक विमा मिळतो. एकदाच हप्ता भरायचा आणि पॉलिसीचे संरक्षण पुढच्या खरेदीदाराला व त्याच्या बँकेलाही मिळते. उद्या फ्रीहोल्डर किंवा त्याचे वारस उगवले आणि लीजमधल्या अटी मोडल्या म्हणून दावा लावला, तर ते नुकसान पॉलिसीत येते. विमा कंपनीची अट मात्र जवळजवळ नेहमी अशी असते की तुम्ही फ्रीहोल्डरशी संपर्क साधलेला नसावा. पत्र गेले की कंपनी नकार देऊ शकते.

उलट कोर्टात जायचे असेल, तर नेमकी हीच शोधाशोध पुरावा म्हणून लागते. म्हणून आधी वाट ठरवा, मग पेन उचला.

लँड रजिस्ट्रीतून फ्रीहोल्डचा उतारा काढण्यात मात्र काही धोका नाही. ऑनलाइन ७ पौंडांत मिळतो. त्यात मालकाचे नाव, पत्ता आणि नोंदीची तारीख असते. तारीख पन्नास वर्षांपूर्वीची आणि पत्ता तुमच्याच इमारतीचा, असे दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नका. पत्ता बदलल्याचे कळवायला माणसे विसरतात.

विमा कधी पुरतो

लीजची भरपूर मुदत शिल्लक आहे, इमारतीचा विमा दोन्ही फ्लॅटवाल्यांनी मिळून काढलेला आहे आणि ग्राउंड रेंट बरीच वर्षे कोणी मागितलेले नाही, अशा वेळी बऱ्याचदा विम्यावर काम भागते. पण खरेदीदाराच्या बँकेला विचारल्याशिवाय हप्ता भरू नका. प्रत्येक बँकेचे नियम वेगळे असतात.

विम्याने लीज एका दिवसानेही वाढत नाही आणि छप्परही दुरुस्त होत नाही. लीज ८० वर्षांच्या खाली गेली असेल, तर विमा दाखवूनही बहुतेक खरेदीदार किंमत पाडून मागतात. कारण ८० वर्षांखाली मुदतवाढीच्या रकमेत ‘मॅरेज व्हॅल्यू’ची, म्हणजे मुदतवाढीने फ्लॅटच्या वाढणाऱ्या किमतीतल्या फ्रीहोल्डरच्या वाट्याची, भर पडते. २०२४च्या कायद्यात ती काढून टाकण्याची तरतूद आहे, पण ते कलम लागू होईपर्यंत जुनाच हिशेब चालतो.

कोर्टाची वाट

१९९३च्या लीजहोल्ड कायद्याचे कलम ५० याच प्रसंगासाठी आहे. फ्रीहोल्डर सापडत नाही, किंवा तो कोण हेच कळत नाही, असे काउंटी कोर्टाला पटले, तर कोर्ट फ्रीहोल्डरच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी नव्या लीजवर सही करायला नेमते. किंमत मालमत्ता न्यायाधिकरण ठरवते आणि पैसे कोर्टात जमा होतात. फ्रीहोल्डर पुढे आला की ते त्याचे. तुम्हाला उरलेल्या मुदतीवर ९० वर्षे वाढवून मिळतात आणि ग्राउंड रेंट नाममात्र होते.

कोर्टाला पटवायचे म्हणजे शपथेवर सांगायचे की आम्ही हे हे करून पाहिले. उताऱ्यावरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र, प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी) नोंदींचा शोध, मालक कंपनी असेल तर कंपनीज हाउसची (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कचेरीची) नोंद, शोध घेणाऱ्या एजंटचा अहवाल. पत्र ‘येथे राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आले, तर पाकीट फोडू नका. शिक्क्यासकट, न उघडलेलेच आमच्याकडे आणा. तोच पुरावा. न्यायाधीशांना एवढ्याने समाधान झाले नाही, तर ते वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला सांगू शकतात. आणि मधेच फ्रीहोल्डर सापडला, तर अर्ज वाया जात नाही, प्रकरण नेहमीच्या मुदतवाढीसारखे पुढे जाते.

या सगळ्याला वेळ लागतो. वर्षभर धरून चला. म्हणून एजंटाची पाटी लावण्याआधी आमच्याकडे या, ऑफर आल्यावर नको. मुदतवाढीसाठी दोन वर्षे मालकी असण्याची जुनी अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली आहे. त्यामुळे ज्याला थांबायची तयारी आहे असा खरेदीदार घर घेतल्यावर स्वतःही अर्ज करू शकतो. पण तो त्याबद्दल किंमतीत सूट मागणार, हे गृहीत धरा.

घरात दोनच फ्लॅट असतील, तर शेजाऱ्याशी बोलून पाहा. दोघांनी मिळून कोर्टामार्फत फ्रीहोल्डच विकत घेता येतो (कलम २६), पण दोन फ्लॅटच्या घरात दोघांचीही संमती लागते. आमच्या मते दोन फ्लॅटच्या घराला हाच सर्वांत टिकाऊ तोडगा आहे. शेजारी पटणारा हवा, एवढेच!

मालक वारला असेल तर

वारलेला फ्रीहोल्डर आणि बेपत्ता फ्रीहोल्डर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मृत्युपत्र असेल तर त्यातला एक्झिक्युटर कारभार बघतो. त्याने प्रोबेट घेतले असेल तर नोंदीत नाव सापडते आणि मुदतवाढीची नोटीस सरळ त्याला देता येते. मृत्युपत्र नसेल, तर कोणी वारस कोर्टाकडून अधिकारपत्र घेईपर्यंत मालमत्ता कागदोपत्री पब्लिक ट्रस्टी या सरकारी अधिकाऱ्याकडे असते. पब्लिक ट्रस्टी घराचा कारभार मात्र पाहत नाही. अशा वेळी नोटीस मृताच्या ‘वैयक्तिक प्रतिनिधींच्या’ नावे शेवटच्या ठाऊक पत्त्यावर पाठवायची आणि एक प्रत पब्लिक ट्रस्टीला द्यायची, अशी सोय १९९४च्या कायद्यात आहे.

वारसांनी फ्रीहोल्ड बाहेर विकायला काढला, तर बहुतेक इमारतींत तो आधी फ्लॅटधारकांना देऊ करावा लागतो. तशी नोटीस आली तर ती बाजूला ठेवून देऊ नका, उत्तराची मुदत धावत असते.

फ्रीहोल्ड बंद पडलेल्या कंपनीच्या नावावर असेल, तर मालक बेपत्ता नसतो: मालमत्ता राजसत्तेकडे गेलेली असते. सरकारच्या बोना व्हेकन्शिया (बेवारस मालमत्ता) विभागाकडे अर्ज करावा लागतो. तो विभाग डागडुजी करत नाही, ग्राउंड रेंट गोळा करत नाही, पण फ्रीहोल्ड विकतो.

थकलेल्या ग्राउंड रेंटची भीती

‘वीस वर्षांचे एकदम मागतील का?’ असे बरेच जण विचारतात. नाही. ठरलेल्या नमुन्यात मागणी आल्याशिवाय ग्राउंड रेंट देय होतच नाही, आणि सहा वर्षांपेक्षा जुन्या रकमेसाठी दावा करता येत नाही. सहा वर्षांची रक्कम बाजूला ठेवा, म्हणजे विक्रीच्या दिवशी वाद नको.

‘पुण्यात बिल्डर कन्व्हेयन्स देत नाही तेव्हा डीम्ड कन्व्हेयन्स करतात, तसेच ना?’ असेही विचारले जाते. तिथे सोसायटी उपनिबंधकाकडे अर्ज करते. इथे सोसायटी नसते आणि उपनिबंधकही नसतो. अर्ज तुमचा, कोर्टात.

तुम्ही भारतात राहत असाल तर

इथल्या भावाला किंवा मित्राला कुलमुखत्यारपत्र देऊन विक्री करता येते, पण मसुदा इथल्या कायद्याप्रमाणे हवा. गावातल्या वकिलाकडून स्टँप पेपरवर केलेला चालेलच असे नाही. तो आम्ही पाठवू, तुम्ही तिथे नोटरीसमोर सही करा. आणि विक्री पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत ब्रिटिश कर खात्याला विवरण द्यावे लागते, नफा झालेला नसला तरी.

पहिल्या भेटीला येताना लीजची प्रत, ग्राउंड रेंटची शेवटची पावती (कितीही जुनी असो), इमारतीच्या विम्याचा कागद आणि फ्रीहोल्डरकडून कधीही आलेले कोणतेही पत्र आणा. तुम्ही स्वतः त्याला काही लिहिले असेल, तर तेही आणा आणि लपवू नका. विमा घ्यायचा की कोर्टात जायचे, हे त्यावरच ठरते.