अल्बिनो एंजलमाशाचे डोळे

शोभिवंत माशांच्या दुकानात पांढऱ्या एंजलमाशांसमोर उभे राहिल्यावर आधी त्यांचे डोळे पाहावेत. बाहुली काळी असेल तर तो मासा बहुधा प्लॅटिनम किंवा अन्य फिकट प्रकारचा असतो. ती लालसर-गुलाबी दिसली तरच तो अल्बिनो, म्हणजे अंगात काळा रंगच तयार न होणारा. हा फरक केवळ नावापुरता नाही, कारण अल्बिनो एंजल पाळताना जी वेगळी काळजी घ्यावी लागते ती जवळजवळ सगळी या डोळ्यांशी निगडित आहे.

एंजल हा सिक्लिड कुळातला, अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील संथ पाण्यात राहणारा मासा. त्याचे शास्त्रीय नाव टेरोफायलम स्कॅलेरे. रुपेरी अंगावरच्या उभ्या काळ्या पट्ट्यांमुळे तो बुडालेल्या मुळ्या-फांद्यांमध्ये सहज लपतो. हा काळा रंग मेलॅनिनचा. टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन बनण्याच्या साखळीतली एखादी कडी जनुकीय दोषामुळे निकामी झाली, की तो रंग तयारच होत नाही. मात्र पिवळ्या-केशरी रंगाच्या आणि चकाकी देणाऱ्या पेशी वेगळ्या असल्याने त्या शाबूत राहतात, म्हणूनच कित्येक अल्बिनो एंजलांच्या कपाळावर हळदीचे बोट फिरवल्यासारखी पिवळी झाक दिसते.

डोळ्यांतले मेलॅनिन गेल्याचा परिणाम अधिक गंभीर असतो. माशांना आपल्यासारख्या पापण्या नसतात आणि बहुतेक अस्थिमाशांची बाहुली उजेडात फारशी आकुंचनही पावत नाही. त्याऐवजी, उजेड वाढला की दृष्टिपटलामागच्या थरातले मेलॅनिनचे कण हळूहळू पुढे सरकून दंडपेशींना, म्हणजे मंद उजेडात पाहणाऱ्या संवेदनशील पेशींना, झाकतात. अल्बिनोमध्ये तो थर असतो, पण कणांत रंगच नसतो. दांडी आहे, पडदा नाही, असा हा प्रकार. संशोधनात वापरल्या जाणाऱ्या अल्बिनो झेब्रामाशांमध्ये तीव्र प्रकाशाने दृष्टिपटलातील पेशी मरत असल्याचे दिसले आहे. त्यामुळे झाडे जोमाने वाढावीत म्हणून लावलेला प्रखर एलईडी या माशाच्या टँकवर नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पृष्ठभागावर पिस्टियासारखी तरंगती वनस्पती, तळाशी गडद रंगाची वाळू, सावलीसाठी एखादे लाकूड आणि सौम्य दिवा एवढे पुरते. अंधाऱ्या खोलीत थेट टँकचा दिवा लावला तर साधा एंजलही दचकतो. अल्बिनो काचेवर आपटण्याची भीती अधिक. आधी खोलीतला दिवा लावावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी टँकचा.

बाकीची व्यवस्था इतर एंजलांसारखीच असते. जोडीसाठी साधारण 100 लिटरचा आणि किमान 45 सेंटीमीटर उंचीचा टँक, 26 ते 28 अंश सेल्सिअस तापमान (पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतोच), क्लोरीन काढलेले पाणी आणि दर आठवड्याला त्यातल्या पाव भागाची अदलाबदल, हे सांभाळावे. निऑन टेट्रा मात्र सोबत ठेवू नयेत. वाढलेला एंजल त्यांना गिळतो.

खाऊ घालताना घाई करू नये. मंद नजरेचा मासा वास आणि पार्श्वरेखेला (माशाच्या कुशीवरच्या संवेदी रेषेला) जाणवणारी पाण्याची हालचाल यांवर अधिक विसंबतो. रोज त्याच कोपऱ्यात, त्याच वेळी खाऊ टाकला की तो जागा ओळखू लागतो. चपळ सोबती असतील तर त्यांना दुसऱ्या टोकाला गुंतवून ठेवावे.

अल्बिनोपणाचा गुण अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून मिळाला तरच दिसणारा, असल्याने दोन्ही पालक अल्बिनो असतील तर पिल्ले सहसा सगळी अल्बिनो निघतात. दोघे साध्या रंगाचे पण वाहक (तो गुण न दिसता बाळगणारे) असतील तर सरासरीने चारांत एक. अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले पहिले काही दिवस पानाला चिकटून वळवळत असतात. त्यांतल्या साध्या पिल्लांच्या डोळ्यांचे काळे ठिपके लवकरच भिंगाशिवायही दिसू लागतात आणि ज्यांना ते दिसत नाहीत ती अल्बिनो. पिल्ले पोहू लागली की त्यांना आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या, कोळंबीसारख्या इवल्या जीवाची ताजी पिल्ले द्यावी लागतात आणि मिश्र विणीत अल्बिनो इथेच मागे पडतात, म्हणून त्यांना लवकर वेगळे करावे. आर्टेमियाची पिल्ले उजेडाकडे धावतात, त्यामुळे टँकच्या एका कोपऱ्याबाहेर मंद दिवा ठेवला की तिथे त्यांचा केशरी ढग जमतो. त्यात अधू नजरेच्या पिल्लालाही तोंड उघडताच घास सापडतो, आणि तासाभरात त्याचे पोट केशरी दिसले की दिवा मालवायला हरकत नाही.