'ला दोल्चे व्हिता'वरून प्रेक्षक का भांडतात: साठ वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

इटालियन दिग्दर्शक फेदेरिको फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता' या चित्रपटाचा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. रोममधल्या बड्या लोकांच्या खाजगी गप्पा छापणाऱ्या मार्चेल्लो या वार्ताहराच्या रात्रींची ही गोष्ट. एका बाजूचे प्रेक्षक म्हणतात, असा चित्रपट पुन्हा झाला नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, जवळजवळ तीन तास श्रीमंतांच्या पार्ट्या पाहिल्या, घडलं काहीच नाही. या दुसऱ्या तक्रारीत तथ्य नाही असं नाही. पण १९६० साली हा चित्रपट इटलीत लागला तेव्हा लोक चिडले होते ते नेमक्या उलट कारणावरून. पडद्यावर फार काही घडत होतं, आणि त्यातलं जवळपास सगळं ओळखीचं होतं.

५ फेब्रुवारी १९६० रोजी मिलानच्या कापितोल चित्रपटगृहात मोठा खेळ झाला. प्रेक्षकांत शहरातली प्रतिष्ठित मंडळी होती. 'पुरे झालं', 'लाज वाटू द्या' असे ओरडे सुरू झाले. बाहेर पडताना कुणीतरी फेलिनीच्या अंगावर थुंकलं. नंतर व्हॅटिकनच्या 'ओस्सेर्वातोरे रोमानो' या दैनिकाने चित्रपटावर एकामागून एक जळजळीत लेख छापले. प्रकरण संसदेपर्यंत गेलं, सरकारला प्रश्न विचारले गेले, बंदीची मागणी झाली. बंदी आली नाही. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, एवढी अट राहिली. चित्रपटगृहांबाहेर मात्र रांगा लागल्या आणि त्या वर्षी इटलीत सर्वाधिक कमाई याच चित्रपटाने केली.

हा राग समजायचा तर सात वर्षं मागे जायला हवं. एप्रिल १९५३ मध्ये रोमजवळच्या तोर्वायानिकाच्या किनाऱ्यावर विल्मा मोंतेसी या २१ वर्षांच्या मुलीचं प्रेत सापडलं. वडील सुतारकाम करणारे, घर साधं. समुद्रात पाय बुडवायला गेली आणि लाटेने ओढली, असं सांगून पोलिसांनी फाइल मिटवली. मग एका पत्रकाराने लिहिलं की जवळच बड्या लोकांच्या पार्ट्या चालत, अमली पदार्थ असत, आणि मुलीच्या मृत्यूचा संबंध तिथे पोचतो. उगो मोंतान्या नावाचा एक सरदार आणि परराष्ट्रमंत्री आत्तिलिओ पिच्चोनी यांचा संगीतकार मुलगा पिएरो यांची नावं पुढे आली. सप्टेंबर १९५४ मध्ये मंत्र्यांनी राजीनामा दिला. १९५७ साली व्हेनिसच्या न्यायालयात सगळे निर्दोष सुटले आणि मुलीच्या मृत्यूचं कोडं कायमचं राहिलं.

न्यायालयाने निकाल दिला तरी लोकांच्या मनातलं चित्र पुसलं गेलं नाही. देश गरिबीतून वर येत होता, कारखाने वाढत होते, घराघरात टीव्ही येऊ लागला होता. आणि त्याच देशाच्या राजधानीत वरच्या वर्गाच्या रात्री कशा जातात, याची झलक सामान्य माणसाला वर्तमानपत्रातून पहिल्यांदाच मिळाली होती. 'ला दोल्चे व्हिता'च्या शेवटी रात्रभराच्या पार्टीनंतर शिणलेली माणसं पहाटे समुद्रावर येतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात एक अजस्र मेलेला मासा येतो. त्या प्रसंगावर आज प्रतीकांचे निबंध लिहिले जातात. १९६० च्या इटालियन प्रेक्षकाला निबंधाची गरज नव्हती. किनारा, पहाट, श्रीमंतांचं टोळकं आणि वाळूवरचं शव एवढं दिसलं की त्याला विल्मा आठवत असे.

चित्रपटातल्या इतर गोष्टीही अशाच बातम्यांतून उचललेल्या आहेत. सुरुवातीला हेलिकॉप्टरला टांगलेला ख्रिस्ताचा पुतळा रोमवरून जातो. १९५६ च्या कामगार दिनी मिलानवरून खरोखरच असा पुतळा नेला गेला होता. दोन मुलांना माता मेरी दिसते आणि त्या माळावर कॅमेरे, दिवे, आजारी माणसं यांची झुंबड उडते, त्या प्रसंगामागे १९५८ साली तेर्नीजवळ मुलांनी केलेला असाच दावा आहे. कपडे उतरवण्याच्या ज्या प्रसंगाने धर्मगुरू संतापले, त्याचं मूळ नोव्हेंबर १९५८ मध्ये रोमच्या त्रास्तेवेरे भागातल्या 'रुगांतिनो' रेस्तराँत आहे. एका उमरावकन्येच्या वाढदिवसाच्या मेजवानीत आयशे नाना या तुर्की नर्तकीने कपडे उतरवले, ताझिओ सेक्यारोली या छायाचित्रकाराने ते टिपलं, आणि फोटो छापणारा अंक जप्त झाला. त्या रात्रीच्या पाहुण्यांत पुढे याच चित्रपटात झळकलेली नटी अनिता एकबर्गही होती.

हा सेक्यारोली रोमच्या व्हिया व्हेनेतो या रस्त्यावर वावरणाऱ्या फोटोवाल्यांपैकी. हॉलिवूडच्या कंपन्यांना इटलीत कमावलेला नफा पूर्णपणे बाहेर नेता येत नसे, म्हणून त्या तो तिथेच खर्च करत. 'क्वो वादिस', 'रोमन हॉलिडे', 'बेन-हर' असे चित्रपट तिथे तयार झाले. नटनट्या रात्री व्हिया व्हेनेतोच्या कॅफेत बसत आणि बाहेर स्कूटरवर फोटोवाले टपलेले असत. साध्या पोझपेक्षा चिडलेल्या माणसाच्या फोटोला जास्त पैसे मिळतात हे त्यांना कळलं होतं. ऑगस्ट १९५८ मधल्या एकाच रात्री सेक्यारोलीची गाठ आधी इजिप्तचा पदच्युत राजा फारूक याच्या संतापाशी पडली, आणि पुढे नटी एव्हा गार्डनरबरोबर असलेल्या अँथनी फ्रान्सिओसा या हॉलिवूडच्या नटाशी. फेलिनी या फोटोवाल्यांना जेवायला बोलवून त्यांचे किस्से ऐकत असे. चित्रपटात नायकाच्या सोबत फिरणाऱ्या फोटोवाल्याचं नाव पापाराझ्झो. पुढे जगभर या धंद्यालाच ते नाव चिकटलं.

म्हणजे पहिल्या प्रेक्षकाने हा चित्रपट जणू मागच्या काही वर्षांच्या वर्तमानपत्रांची फाइल चाळावी तसा पाहिला. गोष्टीला सलग कथानक नाही, एकामागून एक रात्री आणि पहाटा आहेत, हे त्याला खटकलं नाही. जोडणारा धागा तो स्वतःच घेऊन आला होता. तो धागा आपल्याकडे नाही. म्हणून आपल्याला उरतात ते चकचकीत कपडे, काळे चष्मे, निनो रोटाचं संगीत आणि कंटाळलेली माणसं. 'काहीच घडत नाही' ही तक्रार मला इथून आलेली दिसते.

मिलानच्या गोंधळाला आणखी एक धार होती. पडद्यावरचा उमराव वर्ग काही अंशी खरा होता. बास्सानो दी सुत्रीच्या जुन्या वाड्यातल्या प्रसंगात रोमच्या सरदार घराण्यांतली माणसं स्वतःच वावरली आहेत. आपल्याच वर्गाला असं निर्जीव, भुतांसारखं फिरताना पाहणं प्रेक्षागृहातल्या प्रतिष्ठितांना सोसलं नसेल तर नवल नाही. व्हिया व्हेनेतो मात्र खरा नाही. तो चिनेचित्ता स्टुडिओत उभारला होता आणि खऱ्या रस्त्याला उतार असला तरी इथला सपाट आहे. ट्रेवीचं कारंजं खरं. थंडीत एकबर्ग त्या पाण्यात उभी राहिली, नायकाचं काम करणाऱ्या मार्चेल्लो मास्त्रोयान्नीने आत रबरी सूट घातला होता. पोस्टरांनी हा प्रसंग प्रेमाची खूण करून टाकला. नीट पाहिलं तर तिथे प्रेम घडतच नाही. तिने बोलावलं म्हणून तो पाण्यात उतरतो, हात पुढे करतो, आणि तेवढ्यात कारंजं थांबतं, उजाडतं. थोड्या वेळापूर्वी हाच माणूस तिच्या मांजराच्या पिल्लासाठी अपरात्री दूध शोधत गल्लीबोळ हिंडत होता.

चर्चचा विरोधही एकसंध नव्हता, आणि हा या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. याच फेलिनीला १९५४ च्या 'ला स्त्रादा' या चित्रपटाच्या वेळी कॅथलिक समीक्षकांनी डोक्यावर घेतलं होतं आणि डाव्यांनी नववास्तववादाशी, म्हणजे गरिबांचं खरं जगणं दाखवणाऱ्या इटालियन सिनेमाशी, गद्दारी केल्याचा ठपका ठेवला होता. सहा वर्षांत बाजू फिरल्या. डाव्या पत्रांनी 'ला दोल्चे व्हिता'ची पाठराखण केली. मिलानचे आर्चबिशप मोंतिनी, म्हणजे पुढचे पोप पॉल सहावे, यांना चित्रपट अजिबात रुचला नाही. पण त्यांच्याच शहरातल्या सान फेदेले सांस्कृतिक केंद्रातले जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री नाझारेनो ताद्देई यांनी लिहिलं की हा चित्रपट देवाच्या कृपेला पारख्या झालेल्या जगाचा आहे आणि ख्रिस्ती नजरेने तो पाहता येतो. त्याची किंमत त्यांनी मोजली, मिलान सोडावं लागलं. जेनोव्यात आंजेलो आर्पा या दुसऱ्या जेझुइटाने कार्डिनल सिरी यांना चित्रपट खाजगीत दाखवला आणि सिरींनी आक्षेप घेतला नाही. पटकथेला संवादांची मदत केलेला कवी पिएर पाओलो पाझोलिनी मार्क्सवादी, पण त्यानेही समीक्षेत या चित्रपटाचा गाभा कॅथलिकच आहे असं मांडलं. एकाच कलाकृतीला एक पाद्री पाप म्हणतो, दुसरा तिच्यात धर्म पाहतो, आणि नास्तिक कवी दुसऱ्याच्या बाजूला जातो. प्रेक्षकांमधल्या आजच्या मतभेदांना एवढी जुनी परंपरा आहे.

मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवात कादंबरीकार जॉर्ज सिमेनोंच्या अध्यक्षतेखालच्या ज्युरीने चित्रपटाला 'पाम द'ऑर' हे तिथलं सर्वोच्च पारितोषिक दिलं. त्याच वर्षी तिथे दिग्दर्शक आंतोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा' या चित्रपटाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. श्रीमंतांच्या रितेपणावरचे दोन इटालियन चित्रपट एकाच महोत्सवात आले, हा निव्वळ योगायोग मानणं कठीण आहे. युद्धोत्तर इटालियन सिनेमा जगाला ठाऊक होता तो भुकेचा आणि बेकारीचा. १९५२ च्या मुंबईतल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'बायसिकल थीव्ह्ज' पाहून आपल्याकडचे रसिक आणि दिग्दर्शक भारावले होते, तोच हा सिनेमा. दशकभरात पोट भरलं आणि प्रश्न बदलला. ज्यांना 'बायसिकल थीव्ह्ज'मधला सायकल हरवलेला बाप आठवत होता त्यांना हा नवा नायक, उंची गाडीतून फिरणारा गप्पांचा वार्ताहर, सहानुभूतीला पात्र वाटला नाही. 'याला दुःख कसलं?' हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारला जातो.

अमेरिकेत चित्रपट १९६१ मध्ये पोचला, खूप चालला, पियेरो गेरार्दीला वेशभूषेचं ऑस्करही मिळालं. फ्रँकोच्या स्पेनमध्ये तो हुकूमशहाच्या मृत्यूपर्यंत दाखवता आला नाही. विरोधी मतांतलं सर्वांत टोकदार मत अमेरिकन समीक्षक पॉलीन केल यांचं. १९६३ च्या लेखात त्यांनी या चित्रपटाला आणखी दोन युरोपीय चित्रपटांसोबत एका माळेत ओवलं आणि विचारलं, कंटाळलेल्या श्रीमंतांच्या पार्ट्या म्हणजे साऱ्या संस्कृतीच्या आत्म्याचं दुखणं, हे आम्ही का मानायचं? हा आक्षेप गंभीर आहे आणि 'ला दोल्चे व्हिता'च्या चाहत्यांनी तो टाळू नये.

माझं उत्तर दोन प्रसंगांत आहे. पहिला वडिलांचा. गावाकडून आलेले मार्चेल्लोचे वडील मुलासोबत कॅबरेत जातात, खुशीत येतात, एका नर्तकीच्या घरी जातात आणि तिथे त्यांना अस्वस्थ वाटू लागतं. मुलगा थांबा म्हणतो, बोलू या म्हणतो. ते पहाटेच्या गाडीसाठी टॅक्सीत बसून निघून जातात. इथे पैसा नाही, झगमगाट नाही. बोलायचं राहून गेलेले बापलेक आहेत.

दुसरा स्टाइनरचा. पुस्तकं, संगीत, सुंदर घर, दोन गोड मुलं असलेला हा मित्र मार्चेल्लोचा आदर्श. तो एके दिवशी मुलांना मारून स्वतःला गोळी घालतो. बायको बाहेर गेलेली, तिला काही ठाऊक नाही. ती बसमधून उतरते आणि फोटोवाल्यांचा घोळका तिच्याभोवती क्लिक-क्लिक करत धावू लागतो. तिला वाटतं आपल्याला कुणी नटी समजले असावेत, आणि ती किंचित हसते. मोंतेसी प्रकरणात, 'रुगांतिनो'च्या रात्रीत, व्हिया व्हेनेतोवर जे चाललं होतं ते सगळं या काही सेकंदांत येतं. इथे कॅमेरे श्रीमंतांच्या मागे नाहीत. ज्या बाईचं घर अजून तिला न कळता उद्ध्वस्त झालंय तिच्या मागे आहेत. केल यांच्या प्रश्नाला चित्रपटाने याहून नेमकं उत्तर दिलेलं मला दिसत नाही.

मतं वयाप्रमाणेही बदलतात. याचा सर्वांत प्रामाणिक दाखला रॉजर ईबर्ट या समीक्षकाने दिला आहे. तरुणपणी त्यांना हवं असलेलं सगळं आयुष्य त्या पडद्यावर होतं. दहा वर्षांनी मार्चेल्लोच्या वयाचे झाल्यावर त्यांना त्यात स्वतःची धडपड दिसली. आणखी दहा वर्षांनी, दारू सोडल्यानंतर, तोच मार्चेल्लो त्यांना आदर्श न वाटता बळी वाटला. त्याहून पुढे त्यांना त्याच्याबद्दल नुसती माया वाटू लागली. चारही मतं एकाच माणसाची, आणि त्यातलं एकही त्यांनी मागे घेतलं नाही.

आज हा चित्रपट पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी एवढंच सुचवेन: कारंज्याचे फोटो बघून जाऊ नका. आधी अर्धा तास विल्मा मोंतेसी प्रकरण वाचा, सेक्यारोलीने टिपलेल्या व्हिया व्हेनेतोच्या रात्री पाहा, आणि मग तीन तास बसा. आवडला नाही तरी चालेल. मिलानच्या त्या संतापलेल्या प्रेक्षकांइतकं तरी तो कशाबद्दल आहे हे तुम्हाला कळलेलं असेल.