हजार रुपये दंड आणि वीस दिवस

बायकोला मारणं हा १८६० च्या दंडसंहितेत वेगळा गुन्हा नव्हताच. ती साधी दुखापत, कलम ३२३: एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजाराचा हा आकडा १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता येईपर्यंत जागचा हलला नाही. आता तो दहा हजार आहे. बडोदे संस्थानानं १९३१ मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. देशव्यापी कायद्याला १९५५ उजाडलं. पण घटस्फोट म्हणजे सुटका, शिक्षा नव्हे.

हुंडाबळींविरुद्धच्या आंदोलनांनंतर १९८३ मध्ये नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं कलम ४९८अ आलं: तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, किमान शिक्षा नाही. हुंडाबळीचं ३०४ब आलं १९८६ मध्ये, तिथे मात्र किमान सात वर्षं. थोडक्यात, बाई जिवंत असली तर शिक्षेला तळ नाही. हीच कलमं आता ८५, ८६ आणि ८० झाली, माप तेच. ४९८अ फक्त नवरा आणि सासरच्यांना लागतं, लग्नाविना सोबत राहणाऱ्याला नाही. त्याच्यासोबत राहणाऱ्या बाईला २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचा आधार आहे, पण त्यात मारहाणीला शिक्षा नाही. संरक्षण आदेश मोडला तरच एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

खरी मेख दवाखान्याच्या केसपेपरवर असते. हाड मोडलं किंवा दात पडला की दुखापत 'गंभीर', म्हणजे सात वर्षांपर्यंत कैद. तसं काही नसेल तर दिवस मोजायचे: तीव्र वेदना किंवा रोजची कामं न जमणं, जुन्या कायद्यात वीस दिवस, नव्यात पंधरा. एक्स-रे काढलाच नाही, नवरा शेजारी उभा म्हणून बाईनं 'जिन्यावरून पडले' सांगितलं आणि तेच लिहिलं गेलं, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्या ओळीवर येतो. पुढच्या तपासणीचा कागद नसेल तर पंधरा दिवस सिद्ध कशाने करणार?

१ जुलै २०२४ पूर्वीच्या मारहाणीला आजही जुनंच कलम लागतं. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीला ऐकतात: पहिलाच गुन्हा, म्हातारी आई, लहान मुलं. ४९८अ मध्ये प्रोबेशनला, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याला, मनाई नाही, आणि कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. नुकसानभरपाईचा आदेश त्याच निकालात देता येतो. सरकारी वकिलानं त्याच वेळी औषधोपचाराची बिलं पुढे ठेवली नाहीत, तर तो बहुधा राहूनच जातो.