पॅटर्नच्या पाकिटावरची ती ओळ आली कुठून?

निरनिराळ्या मापांत कापलेले कागदी पॅटर्न, म्हणजे कापड बेतण्याचे नमुने, अमेरिकेत १८६३ पासून विकले जाऊ लागले. वाद आहे तो पाकिटावर छापलेल्या एका ओळीचा: ‘फक्त घरगुती वापरासाठी, यावरून शिवलेले कपडे विकू नयेत.’ ती वाचून हात आखडता घेणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बायका आजही पुष्कळ आहेत. कॉपीराइट कायद्यात मात्र या ओळीला फारसा आधार सापडत नाही.

१८८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हिशेब लिहिण्याच्या एका पद्धतीचा खटला आला. हक्क पुस्तकावर असतो, त्यात समजावलेल्या पद्धतीवर नाही, असा निकाल लागला. पॅटर्नलाही तोच न्याय लागतो. त्यातली चित्रं आणि सूचना झेरॉक्स काढून विकणं हे उल्लंघन. त्या रेषांवरून कापून शिवलेला फ्रॉक ही काही त्या कागदाची प्रत नव्हे.

पण या ओळीच्या खऱ्या मुळाशी जायचं तर त्याच न्यायालयाचा १९०८ चा निकाल वाचायला हवा. एका प्रकाशकाने कादंबरीत कॉपीराइटच्या सूचनेखालीच छापलं होतं, की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला हे पुस्तक विकणं म्हणजे हक्कभंग. एका मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. न्यायालय दुकानाच्या बाजूने उभं राहिलं: प्रत एकदा विकली की पुढे तिचं काय करायचं हे नुसती सूचना छापून ठरवता येत नाही, करार केला असता तर गोष्ट वेगळी. पाकिटावरची ओळ अशीच एकतर्फी छापलेली असते. ती विनंती म्हणून जरूर मानावी, पण तिला कायद्याचं वजन देणं शिवणाऱ्यांवर अन्याय करणारं आहे.

करार मात्र खरोखरच आला, पीडीएफ पॅटर्नबरोबर. ‘अटी मान्य’ वर क्लिक करून घेतलेला पॅटर्न हा निराळा मामला. तिथे अटी नीट वाचायलाच हव्यात.

२०१७ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात चीअरलीडरच्या गणवेशावरच्या पट्ट्यांच्या नक्षीला संरक्षण मिळू शकतं असं ठरलं, आणि ‘आता कपड्यालाही कॉपीराइट’ अशी ओरड झाली. त्याच निकालात तसाच आकार, तसाच कट असलेला गणवेश शिवायला कोणालाही मोकळीक असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) वेगळ्या वाटेने जातं. नोंदणी होऊ शकणारं पण न नोंदवलेलं डिझाइन मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक वेळा वस्तूंवर उतरवलं, की त्यावरचा कॉपीराइट संपतो.

आज भीती आहे ती ऑनलाइन दुकानांत. १९९८ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यामुळे हक्कभंगाची तक्रार येताच दुकान वस्तू यादीतून काढून टाकतं, खरं-खोटं नंतर. विक्रेतीने उलट नोटीस दिली, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचं लेखी कळवलं, आणि तक्रारदार कोर्टात गेला नाही, तर १० ते १४ कामकाजी दिवसांत दुकानाला ती वस्तू परत लावावी लागते.