मधल्या आवाजाची ओळ

चार आवाजांच्या समूहगानात वरून खाली सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बास असे थर असतात. त्यात अल्टो गाणाऱ्यांचं एक जुनं दुखणं असतं. घरी एकट्याने म्हणताना ओळ चोख येते, आणि शेजारी सोप्रानो सुरू झाले की तीच ओळ नकळत वर सरकते. हा गळ्याचा दोष नव्हे. अनेक सूर एकदम कानावर पडले की आपलं लक्ष सहसा सर्वांत वरच्या सुराकडे जातं आणि तोच गाण्याची चाल वाटतो. अल्टो आणि टेनर त्याखाली दडून राहतात.

ब्राउझरमध्ये चालणारी सरावाची साधनं नेमकी इथे कामी येतात. पडद्यावर प्रत्येक आवाजासाठी एक सरकपट्टी असते. आपला आवाज वाढवायचा, बाकीचे बारीक करायचे. अडणारी जागा तेवढीच निवडून, लय कमी करून, हवी तितकी घोळवायची.

लय कमी केली तरी सूर उतरत कसा नाही? जुनी ध्वनिफीत निम्म्या वेगाने फिरवली की आवाज एक सप्तक खाली जायचा. पण यांतली बरीच साधनं ध्वनी साठवतच नाहीत. १९८३ मध्ये आलेल्या मिडी पद्धतीत असतात त्या फक्त सूचना: कोणता स्वर, किती जोराने, कधी सुरू, कधी बंद. संगणक त्या वाचून त्याच क्षणी आवाज घडवतो. लय कमी केली की दोन सूचनांमधलं अंतर वाढतं, स्वराला धक्का लागत नाही. खऱ्या गायकाचं ध्वनिमुद्रण संथ करणं जास्त कठीण. त्यासाठी आवाजाचे अगदी छोटे, एकमेकांवर चढलेले तुकडे करून ते लांब अंतरावर पुन्हा जुळवावे लागतात. फ्लॅनगन आणि गोल्डन या संशोधकांनी १९६६ मध्ये मांडलेला फेज व्होकोडर हा त्यातला एक मूळ मार्ग. आता ही आकडेमोड फोनवरच्या ब्राउझरमध्येही होते.

माझ्या मते या साधनांचा खरा उपयोग मात्र उलट्या दिशेने आहे. आपला आवाज मोठा ठेवून गाताना आपण पुष्कळदा त्याच्या मागोमाग जातो, क्षणभर उशिरा. ओळ पाठ झाली असं वाटतं आणि झालेली नसते. म्हणून दर दिवशी आपल्या आवाजाची सरकपट्टी थोडी खाली आणावी, शेवटी शून्यावर. बाकी तिघे पूर्ण जोरात असताना आपला सूर टिकला, तर ओळ आपली झाली.

एक गोष्ट मात्र यंत्राकडून शिकू नये. त्याचे स्वर बहुधा समान अंतरांवर बसवलेले असतात, प्रत्येक अर्धस्वर आधीच्याच्या सुमारे १.०५९५ पट. षड्ज ४४० हर्ट्झचा धरला तर यंत्राचा गंधार ५५४ च्या थोडा वर येतो. पाचास चार या प्रमाणातला शुद्ध गंधार असतो ५५० वर. हा फरक लहान दिसतो, पण लांब धरलेल्या स्वरमेळात यंत्राचा गंधार थरथरतो आणि शुद्ध गंधार स्थिर उभा राहतो. वाद्याच्या साथीशिवाय गाणारे चांगले समूह या शुद्ध गंधाराकडे झुकतात. तेव्हा ओळ पक्की झाली की साधन बंद करावं, आणि तालमीत गंधार लावताना कान बासकडे ठेवावा.